कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं? आणि रील्समधल्या कोणत्या उपायात खरंच दम आहे?

'कांद्याने रडवलं' ही बातमी दरवर्षी एकदा तरी येतेच. भाव चढला की गिऱ्हाईक रडतं, भाव पडला की शेतकरी रडतो. पण एक रडणं असं आहे, ज्याचा भावाशी काही संबंध नाही. कांदा वीस रुपये किलो असो की ऐंशी रुपये, सुरी फिरली की डोळ्यांतून धारा लागतात.

घरी दोन कांदे चिरणाऱ्यासाठी ही दोन मिनिटांची कटकट असते. मात्र सकाळी सहाला मिसळीच्या गाडीवर, खानावळीच्या मागच्या खोलीत किंवा लग्नाच्या केटरिंगमध्ये पोत्याने कांदा चिरणाऱ्यांसाठी तो रोजच्या कामाचा भाग असतो. डोळे मिटत असताना, समोरचं धूसर दिसत असताना हातात धारदार पातं असतं. त्यामुळे हा फक्त रडण्याचा नाही, बोटं शाबूत ठेवण्याचाही प्रश्न आहे.

यावर उपाय सांगणारी रील्स भरपूर आहेत. कुणी तोंडात ब्रेडचा तुकडा धरतं, कुणी शेजारी मेणबत्ती लावतं, कुणी डोक्यावर ओला टॉवेल ठेवतं. यातलं खरं काय, खोटं काय? त्यासाठी आधी कांद्याच्या आत काय चालतं ते पाहू.

न चिरलेला कांदा रडवत नाही

टोपलीत पाच किलो कांदे पडलेले असतात. त्यांच्या शेजारी तासभर बसलं तरी डोळ्यांत पाणी येत नाही. अख्खा कांदा हातात घेऊन नाकाशी धरला, तरी वास येतो, पण रडू येत नाही.

याचं कारण साधं आहे. रडवणारा वायू कांद्यात आधीपासून भरून ठेवलेला नसतो. तो तयार होतो आपण कांदा कापल्यानंतर.

कांदा जमिनीत वाढताना मातीतलं गंधक शोषून घेतो आणि त्यापासून काही संयुगं बनवतो. ही संयुगं पेशीच्या एका भागात असतात. त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, 'अलिनेज' नावाचं एक एन्झाइम म्हणजेच विकर असतं. पेशी शाबूत आहे तोवर दोघांची भेट होत नाही. एकाच घरात राहणारे, पण मधलं दार बंद असलेले दोन भाऊ समजा.

सुरी फिरली की ही भिंत तुटते. दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळतात. अलिनेज गंधकाच्या संयुगाचे तुकडे करतं, त्यातून एक अस्थिर आम्ल तयार होतं. मग आणखी एक एन्झाइम पुढे येतं आणि त्या आम्लाचं रूपांतर एका वायूत करतं. या वायूचं नाव आहे सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. तो हलक्या हाताने उडतो आणि थेट डोळ्यांपर्यंत पोहोचतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कांदा हे सगळं कशासाठी करतो? स्वतःच्या बचावासाठी. जमिनीखालचा कांदा म्हणजे त्या झाडाने पुढच्या वाढीसाठी साठवलेली शिदोरी. कुणी ती कुरतडायला घेतली की पहिल्याच घासाला झोंबलं पाहिजे, अशी ही व्यवस्था आहे.

मग लसूण का रडवत नाही?

लसूणही कांद्याच्याच कुळातली. तिच्यातही गंधक आहे, तिच्यातही अलिनेज आहे. लसूण ठेचली की वास घरभर पसरतो. तरी पाव किलो लसूण सोलून ठेचली, तरी कांद्यासारखं रडू येत नाही.

फरक आहे तो कच्च्या मालात आणि दुसऱ्या एन्झाइममध्ये. लसणीतलं मुख्य गंधकाचं संयुग वेगळं असतं, त्यामुळे त्यातून कांद्याचा तो वायू तयार होत नाही. लसणीचा उग्र वास ज्याच्यामुळे येतो, ते अलिसिन तयार होतं.

गंमत म्हणजे हे दुसरं एन्झाइम अनेक वर्षं शास्त्रज्ञांच्याही नजरेतून सुटलं होतं. अलिनेजने आपलं काम केलं की वायू आपोआप तयार होतो, असंच मानलं जात होतं. २००२ मध्ये जपानमधल्या 'हाउस फूड्स' या कंपनीच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की, या शेवटच्या पायरीसाठी एक स्वतंत्र एन्झाइम काम करतं. या शोधासाठी त्यांना २०१३ मध्ये रसायनशास्त्राचं 'इग नोबेल' मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार दिला जातो.

डोळ्यात नेमकं काय होतं?

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. शरीरातल्या सगळ्यात संवेदनशील भागांपैकी हा एक. कांद्याचा वायू कॉर्नियावरच्या ओलाव्यात मिसळला की तिथल्या मज्जातंतूंना झोंबतो. मेंदूला निरोप जातो, 'डोळ्यात काहीतरी घुसलंय.' मेंदू अश्रुग्रंथींना कामाला लावतो आणि त्या पाणी सोडतात. धुरात किंवा डोळ्यात कचरा गेल्यावर येतं, तेच हे पाणी. दुःखाने येणारं रडू वेगळं.

म्हणजे डोळ्यांतून पाणी येणं हा बिघाड नाही. डोळा स्वतःला धुऊन काढतोय.

'कांद्यामुळे डोळ्यात अ‍ॅसिड तयार होतं' असं सांगणारे व्हिडिओ पाहून घाबरण्यासारखंही काही नाही. कांदा चिरताना होणारी जळजळ तात्पुरती असते. कांद्यापासून लांब गेलं की काही मिनिटांत डोळे शांत होतात.

खरा त्रास होतो तो आपण डोळे चोळल्यावर. कारण हाताला कांद्याचा रस लागलेला असतो. वायूचा थोडासा अंश जिथे पुरेसा असतो, तिथे आपण थेट रसच नेऊन लावतो.

मुख्य आरोपी: बोथट सुरी

आता मुद्द्याचं. पेशी जितक्या जास्त फुटतील, तितका वायू जास्त. आणि पेशी किती फुटतील हे ठरतं पात्याच्या धारेवर.

धारदार सुरी कांद्यातून सरळ निघून जाते. वाटेत येणाऱ्या पेशी कापते, बाजूच्यांना फारसा धक्का लावत नाही. बोथट सुरी आधी कांदा दाबते, मग चेंगरते आणि शेवटी कशीबशी कापते. पाट पाहिला तरी फरक कळतो. बोथट सुरीने चिरल्यावर पाटावर रसाचं थारोळं दिसतं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर एक प्रयोग केला. त्यांनी वरून पातं पडेल असं छोटं यंत्र बनवलं, त्याखाली कांद्याचे तुकडे ठेवले आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. २०२५ मध्ये हे निष्कर्ष समोर आले. कांद्याच्या प्रत्येक पाकळीवर एक चिवट पापुद्रा असतो. बोथट पातं त्यावर दाबलं गेलं की पापुद्रा लगेच फाटत नाही. आतला गर दाबला जातो, दाब वाढत राहतो आणि पापुद्रा फाटताच रसाचे बारीक थेंब फवाऱ्यासारखे उडतात. सोड्याची बाटली हलवून झाकण उघडावं, तसं.

पातं जितकं बोथट आणि घाव जितका वेगवान, तितके थेंब जास्त आणि त्यांचा जोरही जास्त, असं या प्रयोगात दिसलं. म्हणजे टीव्हीवरच्या शेफसारखं खटाखट चिरायला गेलो आणि सुरी बोथट असली, तर आपणच आपल्या तोंडावर फवारा मारून घेतो.

यात आणखी एक गोष्ट आहे. हे थेंब फक्त डोळ्यांतच जात नाहीत, ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवरही पडतात. भाजीवर जंतू असतील तर ते या थेंबांसोबत पसरू शकतात, याकडेही या संशोधकांनी लक्ष वेधलं आहे. त्यामुळे सुरीला धार असणं स्वच्छतेच्या दृष्टीनेही कामाचं आहे.

रील्समधल्या उपायांची झडती

कुठलाही उपाय ऐकला की तीन प्रश्न विचारायचे. यामुळे पेशी कमी फुटतात का? यामुळे वायू कमी तयार होतो का? आणि यामुळे वायू डोळ्यापर्यंत पोहोचायचा थांबतो का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर तो उपाय फक्त व्ह्यूजसाठी आहे.

*तोंडात ब्रेड, काडेपेटीची काडी किंवा च्युइंगम:* तोंडाने श्वास घेतला की वायू तोंडात ओढला जातो, असा यामागचा दावा. पण वायू डोळ्यात जातो तो थेट हवेतून, नाकातून नाही. नाकाने कांदे सोलायचे असते, तर गोष्ट वेगळी होती. या उपायाचा भरवसा धरू नका.

*शेजारी मेणबत्ती:* छोट्याशा ज्योतीने पाटावरची सगळी हवा ओढली जात नाही. उलट ओढणी किंवा बाही ज्योतीला लागायचा धोका. हा उपाय सोडून द्या.

*कांदा फ्रीजमध्ये ठेवणं:* थंडीत एन्झाइमचं काम मंदावतं आणि वायूही कमी उडतो. त्यामुळे चिरण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यास अनेकांना थोडा फरक जाणवतो. पण थंड केल्याने उडणारे थेंब कमी होतात, असं कॉर्नेलच्या प्रयोगात दिसलं नाही. म्हणजे हा उपाय जोडीला ठीक, पण बोथट सुरीची भरपाई तो करत नाही. आठवड्याचे कांदे मात्र फ्रीजमध्ये भरून ठेवू नका. ओलाव्याने ते मऊ पडतात. कांद्याला कोरडी, हवेशीर जागाच मानवते.

*पाण्यात भिजवणं किंवा नळाखाली चिरणं:* पाण्यामुळे वायूचा काही भाग हवेत जाण्याआधीच धुतला जातो, त्यामुळे झोंबणं कमी होतं. पण ओला कांदा हातातून निसटतो आणि सुरी बोटावर येते. नळ चालू ठेवून चिरण्यात पाण्याची नासाडी होते ती वेगळीच. भिजवायचाच असेल तर सोलून, अर्धा करून दहा मिनिटं भिजवा आणि नंतर नीट पुसून चिरा.

*सुरीला लिंबू किंवा व्हिनेगर लावणं:* आंबटपणामुळे एन्झाइमचं काम मंदावतं हे खरं. पण पात्यावर लावलेले चार थेंब अख्ख्या कांद्याला पुरत नाहीत. फरक पडला तरी नावापुरता.

*दोरी ओढायचा चॉपर:* भांडं बंद असल्यामुळे चिरताना वायू आतच अडकतो. मात्र झाकण उघडताच तो एकदम वर येतो. म्हणून चॉपर लांब धरून, तोंड बाजूला करून उघडायचा आणि काही सेकंद तसाच ठेवायचा.

*पोहण्याचा गॉगल:* दिसायला विनोदी, पण सगळ्यात पक्का उपाय. कडेने रबर घट्ट बसत असल्यामुळे वायूला आत वाटच मिळत नाही. साध्या चष्म्याचा तेवढा उपयोग होत नाही, कारण तो बाजूंनी उघडा असतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना मात्र कांदा कमी झोंबतो, कारण लेन्स कॉर्नियावर पडद्यासारखी बसलेली असते. त्यांनी फक्त एक करायचं. कांद्याचे हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय लेन्सला हात लावायचा नाही.

*पंखा:* सगळ्यात सोपा आणि बहुतेक घरांत न वापरला जाणारा उपाय. स्वयंपाकघरात गॅसची ज्योत हलते म्हणून पंखा बंद असतो आणि आपण तिथेच, कोंदट हवेत कांदा चिरायला घेतो. त्याऐवजी गॅस पेटवण्याआधी हॉलमध्ये पेपर पसरून बसा आणि टेबल फॅन बाजूने लावा. वारा कांद्यावरून आडवा गेला पाहिजे. पंखा समोर ठेवला तर सगळा वायू तुमच्याच तोंडावर येईल. ओट्याशीच चिरायचं असेल तर चिमणी किंवा एक्झॉस्ट सुरू करून तिच्याजवळ चिरा.

विळीवर चिरणाऱ्यांनी काय करावं?

अनेक घरांत आजही कांदा विळीवरच चिरला जातो. विळीवर पातं स्थिर असतं आणि कांदा त्यावर ढकलला जातो. पातं धारदार असेल तर विळीसारखी चीज नाही. अडचण बसण्याच्या पद्धतीची आहे. माणूस वाकतो आणि चेहरा बरोबर कांद्याच्या वर येतो. वर उडणारा वायू आधी डोळ्यालाच भेटतो.

म्हणून शक्य तितकं ताठ बसायचं, चेहरा थोडा मागे ठेवायचा आणि चिरलेला कांदा पात्याखाली साचू न देता झाकणाच्या भांड्यात टाकत जायचं. चिरून पडलेल्या ढिगातूनही वायू येतच असतो, हे आपण विसरतो.

आजीच्या काळातली आणखी एक पद्धत इथे आठवण्यासारखी आहे. काळ्या वाटणासाठी कांदा अख्खाच विस्तवावर भाजला जायचा. असा आतपर्यंत भाजलेला कांदा नंतर चिरला किंवा वाटला तरी रडवत नाही. कारण उष्णतेने एन्झाइम निकामी झालेलं असतं. भाजल्यावर किंवा परतल्यावर कांदा गोड लागतो, त्यामागेही हेच आहे. झोंबणारा भाग निघून जातो आणि आतला गोडवा जाणवायला लागतो.

घरी चिरताना हा क्रम ठेवा

१. सुरीला धार लावा. गल्लीत धार लावणारा येत असेल तर त्याला थांबवा. नाहीतर घरात धारेचा दगड ठेवा.

२. शेंड्याकडचा भाग कापा, मुळाकडचा ठेवा. कांद्याचे उभे दोन भाग करून साल काढा. मुळाची चकती शाबूत असली की पाकळ्या एकत्र राहतात, कांदा घसरत नाही आणि चेंगरतही नाही. चकती सगळ्यात शेवटी काढून टाका.

३. कापलेली बाजू खाली, पाटाला टेकवून ठेवा. उघडा भाग जितका कमी, तितका वायू कमी.

४. घाई करू नका. सुरी आपटण्याऐवजी पुढे-मागे सरकवत चिरा.

५. चिरलेला कांदा लगेच झाकणाच्या भांड्यात टाका. साली आणि मुळंही पाटावर ठेवू नका.

६. झोंबायला लागलंच तर सुरी खाली ठेवा. डोळे न चोळता दोन मिनिटं मोकळ्या हवेत जा. रसाचा थेंब डोळ्यात उडाला असेल तर आधी हात साबणाने धुवा, मग डोळ्यावर साध्या पाण्याचे हबके मारा. जळजळ किंवा लाली कमी होत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

रडवणारा कांदाच नको असेल तर?

तसे कांदे तयार झाले आहेत. अमेरिकेत 'सनियन्स' नावाचा कांदा विकला जातो. वर्षानुवर्षं संकर करत करत हे वाण तयार केलं गेलं. जपानच्या त्याच 'हाउस फूड्स'ने 'स्माइल बॉल' नावाचा कांदा आणला. त्यात अलिनेजचं काम अगदी नगण्य आहे, त्यामुळे तो चिरताना झोंबत नाही.

माती बदलली तरी कांदा बदलतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला 'व्हिडालिया' कांदा गोड म्हणून प्रसिद्ध आहे, कारण तिथल्या मातीत गंधक कमी आहे. आपल्याकडे अलिबागचा पांढरा कांदाही कमी तिखट आणि गोडसर म्हणून ओळखला जातो. जीआय मानांकन मिळालेला हा कांदा माळेत विणून विकला जातो आणि लोक तो कच्चा खातात.

मग सगळीकडे असेच कांदे का लावत नाहीत? कारण रडवणारी आणि चव देणारी रसायनं एकाच साखळीतली आहेत. अलिनेजच बंद केलं की डोळ्यांतलं पाणी थांबतं, पण कांद्याचा तिखटपणाही जातो. मिसळीवर भुरभुरलेला, भाकरीबरोबर खाल्लेला किंवा भेळेत घातलेला कांदा झोंबलाच नाही, तर तो कांदा कसला?

पोत्याने कांदा चिरणाऱ्यांचं काय?

घरच्या माणसाला चुकून एखादा दिवस रडावं लागतं. हॉटेलात, मेसमध्ये, वडापावच्या गाडीमागे कटिंग करणाऱ्याला रोज. 'सवय होते' असं म्हणून हा विषय संपवला जातो. पण सवय झाली तरी वायू तयार व्हायचा थांबत नाही आणि पाणी भरलेल्या डोळ्यांना बोट आणि पातं यांतलं अंतर नीट दिसत नाही.

त्यांच्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. धार असलेली सुरी, बाजूने वाहणारा पंखा किंवा उघडी खिडकी, कडेने बंद असलेला गॉगल, झाकणाचं पातेलं आणि मधेमधे डोळ्यांना पाच मिनिटं उसंत. स्वयंपाकघर चालवणाऱ्याने एवढी सोय केली तर काम थांबत नाही, उलट सुरक्षित होतं.

म्हणून पुढच्या वेळी रील पाहून तोंडात ब्रेड धरण्याआधी सुरीच्या धारेवरून नजर फिरवा. टोमॅटोच्या सालीवर ती सहज चालते का ते बघा. दाबावं लागत असेल, तर कांद्याला दोष देण्यात अर्थ नाही. आधी सुरीला धार लावून घ्या.